डावी बाजू राहिली

"साहेब, तुम्ही स्वतः कधी कुणाला गाडीत बसवून दिलंय का?"

शाळेच्या सभागृहात एवढी शांतता पसरली, की मागच्या रांगेत कुणीतरी चोरून संत्रं सोलत होतं त्याचासुद्धा आवाज आला.

प्रश्न विचारणारी मुलगी नववीतली. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. गेल्या वर्षापर्यंत ही भिंगरी मोठ्या माणसांसमोर नुसती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची. मग तिला शोध लागला की मोठी माणसंही बरेचदा आपल्यासारखीच अंदाजपंचे बोलतात, फक्त आवाज जाड लावतात. तेव्हापासून तिची भीड जी चेपली ती चेपलीच. तरी हा प्रश्न काही तिने आपल्या मनाने विचारला नव्हता. ती मैत्रिणींची पैज होती. एक पेन्सिल, उंच आणि किडकिडीत. दुसरी कुलूप, जिच्या तोंडात तीळ भिजत नसे म्हणूनच तिला हे नाव पडलेलं. "विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन," पेन्सिल म्हणाली होती. "आणि नाही विचारलंस तर हिला सांगेन," म्हणजे कुलपाला, म्हणजे गावाला.

मंचावरच्या खुर्चीत गीतकार बसले होते. उकाड्याने सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या, पण गीतकारांच्या गळ्यात रेशमी मफलर होता, कारण फोटोत तो होता. लढाई सुरू झाल्यापासून देशात जणू एकच गाणं उरलं होतं आणि ते यांचं होतं. रेडिओवर तेच, हॉटेलात तेच, दात घासताना तेच:

हलव गं रुमाल, साजणी, हलव गं रुमाल,
मी निघालो रणी, तू घरी राहा खुशाल.

एक शिपाई गाडीच्या खिडकीत. फलाटावर त्याची बायको. ती रडत नाही, हसते. म्हातारी आई आशीर्वाद देते, तीही रडत नाही. इंजिनाचा धूर मात्र प्रत्येक कडव्यात, आणि गावातल्या गाड्या तर केव्हाच्या डिझेलवर धावत होत्या. या गाण्यात कुणालाही शिंक येत नसे, कुणाची पिशवी फाटत नसे, कुणी कुणावर चिडत नसे. भिंगरीची आई पहिल्यांदा ते ऐकून एवढंच म्हणाली होती, "घरी राहा खुशाल म्हणे. या लिहिणाऱ्याला कुणी मागे घरी ठेवून गेलं होतं का कधी?"

गीतकारांनी मफलर सारखा केला. "बाळ," ते म्हणाले, आणि भिंगरीच्या अंगावर काटा आला, कारण 'बाळ' म्हणणारी माणसं उत्तर देत नाहीत. "बाळ, सूर्यावर कविता लिहायला सूर्यावर जावं लागत नाही. हे गाणं मी माझ्या गच्चीत लिहिलं. लांबून शिट्टी ऐकू आली आणि ओळी आपोआप उतरल्या. स्टेशनवरचा गोंगाट मला सोसत नाही."

टाळ्या पडल्या. गाण्याच्या बाईंनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

"म्हणजे नाही," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"म्हणजे नाही बसवून दिलं. मला तेवढंच विचारायचं होतं."

आता हिला बाहेर काढणार, असं सगळ्यांना वाटलं. पण गीतकार हसले. दिलदार दिसण्याची संधी ते सोडत नसत. "काय आवाज आहे," ते बाईंना म्हणाले. "धीट, मोकळा. या रविवारी मी स्वतः स्टेशनवर येतोय. मुख्य गाणारी हीच हवी."

पेन्सिलीने गुपचूप तिचं दप्तर उचललं.

एरवी भिंगरी आनंदाने टुणटुणत घरी गेली असती. दोन महिने ती दर रविवारी स्टेशनवर, फौजेच्या गाडीला निरोप देताना, मागच्या रांगेत उभी राहून गात होती आणि पुढे जायला तडफडत होती. पण या रविवारच्या गाडीने तिचा दादा जाणार होता.

दादा बेकरीत कामाला होता. भट्टीजवळ एक रेडिओ होता, आणि त्या रेडिओला एकच गाणं ठाऊक होतं. एक दिवस केसांत मैदा घेऊन तो घरी आला आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "मी नाव घातलं."

"कशात?" आईने विचारलं. ती लाँड्रीत इस्त्रीला होती आणि तिचं लक्ष भाजलेल्या बोटाकडे होतं.

"फौजेत."

बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांचं चौकात केस कापायचं दुकान होतं. हातात कात्री असली की बाबा गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत, सरकार चालवत, लढाई जिंकत आणि गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्नसुद्धा जमवून देत. कात्री खाली ठेवली की संपलं. घरात ते पाहुण्यासारखे गप्प असत. त्या दिवशी ते ताटावरून उठले, आणि तेव्हापासून दादाशी बोलेनासे झाले. काही सांगायचं झालं तर भिंगरीमार्फत.

"तुझ्या भावाला सांग, पाणी तापलंय."

"दादा, पाणी तापलंय."

"बाबांना म्हणावं, ऐकू आलं."

"बाबा, ऐकू आलं."

"मी काय बहिरा आहे का?" बाबा म्हणायचे, आणि हे कुणाला पोचवायचं ते भिंगरीला कळत नसे.

यात भर म्हणून दादाने आणखी एक घोटाळा केला. फौजेत जाण्याआधी केस बारीक करून घ्यायचे असतात. गावातली सगळी पोरं त्यासाठी बाबांच्या दुकानात येऊन गेली. दादाला बाबांसमोर खुर्चीत बसायची हिंमत झाली नाही. तो स्टेशनजवळच्या दुकानातून कापून आला. बाबांनी त्याला मागून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की जणू पोराने घर सोडून दुसरं घर केलं.

"मानेवर पायऱ्या पाडल्यात त्या गाढवाने," ते आईला म्हणाले. "जिना आहे का तो?"

"मग तुम्ही नीट करा ना."

"मला जे काय म्हणायचंय ते मी स्टेशनवर म्हणेन."

"स्टेशनवर कशाला? तो समोर बसलाय."

"स्टेशनवर," बाबा म्हणाले, आणि विषय मिटला.

खरी गोम इथेच होती. स्टेशनवर बोलायला मिळत नाही, हे घरात फक्त तिलाच माहीत होतं.

गावात एक निरोप समिती होती. अध्यक्षबाई जाडजूड, मोत्यांची माळ घालणाऱ्या, आणि फोटोग्राफर कुठे उभा आहे हे न बघताही ज्यांना कळतं अशा. समितीने सगळा निरोप त्या गाण्यावर बेतला होता. शिपाई आधीच गाडीत बसलेले. घरची माणसं फलाटावर दोराच्या मागे. प्रत्येकाच्या हातात समितीचा पांढरा रुमाल, जो परत जाताना फाटकाशी द्यायचा. मग मुली तिन्ही कडवी गाणार. शेवटच्या 'हलव गं रुमाल'ला स्वयंसेवक दोर सोडणार, माणसं खिडक्यांकडे धावणार, आणि त्याच क्षणी मुख्य गाणारी एकटी शेवटची ओळ म्हणणार: 'शिट्टी झाली, गाडी हलली, पुसून घे गं गाल.' त्यावर स्टेशनमास्तर हिरवा झेंडा दाखवणार. खरोखर शिट्टी, खरोखर गाडी. फोटो असे यायचे की पाहणाऱ्याने डोळे पुसावेत. फक्त त्या फोटोतल्या माणसांना एकमेकांशी एक शब्द बोलायला मिळालेला नसे. निरोपाचा सगळा वेळ निरोपाचं गाणं खाऊन टाकायचं.

ते रुमाल आईच्या लाँड्रीत यायचे. "ओले नसतात गं," आई एकदा म्हणाली होती. "पिळलेले असतात. दोरासारखे. तो पीळ काढताना इस्त्री गार होते." ती फक्त कामाची तक्रार करत होती. पण भिंगरीने ते मैत्रिणींना सांगितलं, आणि पेन्सिलीच्या डोक्यात ती पैज तिथूनच शिरली.

शनिवारी स्टेशनवर तालीम झाली. भिंगरीने आधी सरळ मार्ग धरून पाहिला.

"अध्यक्षबाई, दोर पहिल्या कडव्यालाच सोडला तर?"

"फोटो बिघडतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माणसं खिडकीला चिकटली की त्यांच्या नुसत्या पाठी येतात."

"मग दोन कडवी गायची?"

गाण्याच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. कुणाचा तरी हात कापायला सांगितल्यासारखा.

स्टेशनमास्तर मात्र खुशीत होते. गणवेशाला नवी बटणं लावून आले होते. "मुली, तुझ्या 'गाडी हलली'वर माझा झेंडा," ते म्हणाले. "तू म्हणेपर्यंत मी हलवणार नाही. आजवर एकदाही चुकलेलो नाही."

"मी म्हणेपर्यंत नाही?"

"शब्द आहे माझा."

भिंगरीने मान डोलावली. तिच्यासारख्या मुलीला असा शब्द देणं शहाणपणाचं नव्हतं, पण स्टेशनमास्तरांना ते कोण सांगणार.

रविवारी फलाट गच्च भरला होता. लाकडी चौथऱ्यावर मुली, बाजूला ढोल आणि अकॉर्डियन, पुढच्या खुर्चीत मफलरसकट गीतकार. इंजिन घरघरत होतं आणि धूर काही काढत नव्हतं. भिंगरीला वरून सगळं दिसत होतं. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत दादाचे मोठे कान, जे आता केसांशिवाय आणखीच मोठे झाले होते. दोराच्या मागे आई. तिच्या शेजारी बाबा, सणसणीत इस्त्रीच्या शर्टात. शर्टाच्या खिशात कंगवा आणि कात्री, कारण तो खिसा रिकामा असला तर बाबांना कपडे घातल्यासारखं वाटत नसे.

पहिलं कडवं झालं. लोकांच्या हातात रुमालांना पीळ बसायला लागला होता. भिंगरी गात होती आणि चांगलंच गात होती, हे तिला स्वतःलाही कळत होतं, आणि त्याचा रागही येत होता. दुसऱ्या कडव्यातली आई हसून आशीर्वाद देत असताना दोरामागे एक म्हातारी स्वयंसेवकाच्या दंडाला बोचकारत म्हणत होती, "अरे, त्याचा चष्मा माझ्याकडे राहिलाय." स्वयंसेवकाने ओठांवर बोट ठेवलं. गाणं चालू होतं ना.

तिसरं कडवं. मग शेवटचं 'हलव गं रुमाल'. दोर पडला. माणसं धावली. ढोलाने तिला जागा करून दिली. स्टेशनमास्तरांचा झेंडा खांद्यापर्यंत आला. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे.

भिंगरीने तोंड मिटलं.

ढोलवाल्याने एक फेरी जास्त वाजवली. अकॉर्डियनवाल्याने सूर लांबवला, मग आणखी लांबवला, मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाई, माझा भाता संपत आला. गाण्याच्या बाई बसल्या जागेवरून ओठ हलवून 'शिट्टी झाली, शिट्टी झाली' करत होत्या. अध्यक्षबाईंचे मोती वरखाली व्हायला लागले. भिंगरीला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. तिचा बेत एवढाच होता, तोंड मिटायचं. घशाशी कॉलर टोचत होती म्हणून तिने तिथे हात नेला.

आणि गीतकार उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. "थांबा," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "कुणी तिला घाई करू नका. तिचा गळा दाटून आलाय."

मग काय. सगळ्या पुढच्या खुर्च्यांनी मान खाली घातली. फोटोग्राफर वाकून वाकून भिंगरीचे फोटो घ्यायला लागला. भिंगरीने हात घशावरून काढलाच नाही. तिचे डोळे ठणठणीत कोरडे होते, पण ते बघायला कुणाला सवड होती?

मफलरवाले डोळे पुसत होते, आणि त्यांच्या पाठीमागे फलाटावर जे चाललं होतं ते त्यांच्या कुठल्याच कडव्यात नव्हतं. म्हातारी चष्मा देऊन वर नातवाला झापत होती. एक बाई खिडकीत तोंड घालून, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, म्हणून नवऱ्यावर खेकसत होती आणि खेकसता खेकसता त्याचा कान धरून रडत होती. समितीच्या रुमालात कुणी नाक शिंकरलं, कुणी त्यात बिस्किटं बांधून आत दिली. एकही रुमाल हलत नव्हता.

आईने दादाला मोज्यांबद्दल काहीतरी सांगितलं आणि ती बाजूला झाली. बाबा खिडकीसमोर उभे राहिले. नुसते उभे. दादाही नुसता बसून. भिंगरीला वाटलं, इतकं सगळं करून हे दोघे आता एकमेकांना निरोप सांगायला मलाच बोलावणार की काय.

मग बाबांचा हात खिशाकडे गेला.

काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही, पण कळलं, कारण दादाने आज्ञाधारकपणे वळून पाठ खिडकीला लावली आणि मान बाहेर काढली. बाबांनी ती डाव्या हाताने दाबून पुढे वाकवली, जशी ते प्रत्येक गिऱ्हाइकाची वाकवतात, आणि कात्री चालू झाली. कात्रीबरोबर तोंड चालू झालं. बाबा बोलत होते. कापत होते आणि बोलत होते, कंगवा फिरवत होते आणि बोलत होते. महिनाभराचं तुंबलेलं. मध्येच दादाचे खांदे हसण्याने गदगदले आणि बाबांनी त्याच्या टाळूवर टपली मारली, हलू नकोस म्हणून. उजवीकडच्या पायऱ्या गेल्या. केस फलाटावर पडत होते.

स्टेशनमास्तर दिल्या शब्दाला जागून झेंडा खांद्याशी धरून उभे होते. हाताला रग लागली होती. अकॉर्डियनवाल्याने हात टेकले होते. आता सगळी गाडी भिंगरीच्या मिटल्या तोंडावर उभी आहे, या जाणिवेने ती चौथऱ्यावर बोटभर उंच झाली.

शेवटी मागच्या डब्यातून गार्ड उतरला. पोटावरचा पट्टा वर ओढत त्याने फलाटावर नजर टाकली. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, स्टेशनमास्तरांकडे पाहून "झोपलात का?" असं काहीतरी म्हणाला, आणि स्वतःच शिट्टी फुंकली.

गाडी हलली. शेवटच्या ओळीशिवाय हलली, आणि तिचं काही अडलं नाही. बाबा खिडकीबरोबर चालले, मग भराभर चालले, कात्री हातातच. मग फलाट संपला.

गीतकार चौथऱ्यावर आले. समितीच्या रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "बाळ, तू माझं गाणं पूर्ण केलंस. न म्हणून. पुढच्या महिन्यात शहरात आपण याची रेकॉर्ड काढतोय. तू गायचं. आणि बरोबर तिथेच थांबायचं, अस्सं, गळ्याला हात लावून. मागून व्हायोलिनं सोडू."

"हात रेकॉर्डवर दिसणार आहे का?" भिंगरीने विचारलं.

"आई-बाबांना विचारून कळव," ते म्हणाले.

पेन्सिल आणि कुलूप खाली उभ्या होत्या. "खरंच दाटला होता गं?" कुलपाने हळूच विचारलं.

"तुला सांगू?" भिंगरी म्हणाली. "त्यापेक्षा रेडिओवर सांगते."

सोमवारी संध्याकाळी आई लाँड्रीतून आली ती करवादतच. "काय ते रुमाल या खेपेचे. शेंबूड, काजळ, लोणी. एकात केस होते, केस. धुणारीने तीनदा उकळले. कधी नव्हे ते एवढे घाण आलेत."

"पीळ?" भिंगरीने विचारलं.

आई थबकली. "पीळ नव्हता," ती म्हणाली. मग पदर खोचत स्वयंपाकाकडे वळली.

बाबा खिडकीशी बसले होते. दिवसभर दुकानात त्यांनी लढाई जिंकली नव्हती की कुणाचं लग्न जमवलं नव्हतं, असं शेजारी सांगत होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "डावी बाजू राहिली."

"टोपीखाली काही दिसत नाही," आई आतून म्हणाली.

"दिसण्याचा प्रश्न नाही." बाबांनी खिशातून कात्री काढली, पाहिली, परत ठेवली. "अर्धवट मान घेऊन पोरगं गेलं."

"आला की करा."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर साजणीला रुमाल हलवायला सांगणं चालू होतं. भिंगरीने उठून खिडकी धाडकन लावली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय," ती म्हणाली. "त्या रेकॉर्डला मी जाणार नाही. पण स्टेशनवर गाणार. दर रविवारी. आणि दर रविवारी दोर पडला की माझा गळा दाटून येणार, तो गार्डची शिट्टी होईपर्यंत सुटणार नाही. गीतकारांनी एवढं कौतुक केलंय, आता मला नको कोण म्हणतंय तेच बघते. आई, रुमाल घाणच येणार, आत्ताच सांगून ठेवते. आणि बाबा, तुम्ही कात्री घेऊन यायचं. ज्याची मान सगळ्यात वाईट कापलेली असेल त्याची खिडकी आधी धरायची. आणि सुरुवात डावीकडून करायची."